शेअर्ड ग्राउंडवर पिचिंग रबर टिकतच नाही, काय करू? (इंदूर)

मालव्याची ताई:
सकाळी ग्राउंड क्रिकेटवाल्यांचं, संध्याकाळी आमचं सॉफ्टबॉल. पिचिंग रबर म्हणजे बॉल टाकणारा ज्यावर पाय ठेवतो ती पट्टी, ती होम प्लेटपासून (बॅटिंगच्या जागेवरची पाटी) मुलींना ४३ फूट, पुरुषांना ४६, त्यामुळे रबर रोज हलतं, खिळे आता धरतच नाहीत, काल एक पोरगी पिच टाकताना घसरली, बरी आहे पण जीव घाबरला माझा. सिमेंटात पक्कं बसवू का?

जुना कॅचर:
ताई पक्कं नको, सकाळी धावणाऱ्या पोरांचा पाय अडकेल. दोन्ही अंतरांवर लोखंडी सॉकेट (रबर बसवायच्या खोबणी) पुरा, खेळ झाला की रबर काढून झाकण लावा. माप होम प्लेटच्या मागच्या टोकापासून रबरच्या पुढच्या कडेपर्यंत, इथेच बरेच जण चुकतात. आणि ४६ वरून खेळताना ४३ चं रबर काढाच, मागचा पाय तिथूनच घासत जातो.

राजवाडा:
खरा त्रास आपल्या काळ्या मातीचा, पावसात फुगते उन्हाळ्यात भेगा, खिळा धरणार कसा! तेवढ्या जागेतली वीतभर काढून मुरूम नि चिकणमाती भरा, थराथराने ओली करून धुमसाने ठोका. रोज रबरपुढचा खड्डा पण तसाच भरायचा, कोरडी माती नुसती ढकलली तर दोन इनिंगमध्ये परत उखडते.

मालव्याची ताई:
वेल्डरकडे उद्याच जाते. झाकणाचं क्रिकेटवाल्या दादांनाही सांगून ठेवते.