मदत हवी आहे: मदरबोर्डवरचा ऑडिओ पुरेसा आहे, की नवीन साऊंड कार्ड घ्यावं?

डेस्कटॉपवर सध्या मदरबोर्डचाच ऑडिओ वापरतो आहे. जोडणी अशी:

हेडफोन: २५० ओहम, संवेदनशीलता ९६ डेसिबल प्रति मिलिवॉट, कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमध्ये.
स्पीकर: अँप्लिफायर आतच असलेली जोडी, तीन पिनांचा प्लग, मागच्या हिरव्या जॅकमधून आरसीए केबलने.
माइक: ३.५ मिमीचा साधा कॉलर माइक, मागच्या गुलाबी जॅकमध्ये.

त्रास असे आहेत: हेडफोनमध्ये बारीक चरचर येते. माउसचं चाक फिरवलं की तिचा सूर बदलतो, गेम सुरू झाला की ती वाढते. व्हॉल्यूम १०० वर असूनही चित्रपटांतले संवाद हळू ऐकू येतात. स्पीकर काहीच वाजत नसताना गुणगुणतात. रेकॉर्डिंगमध्ये आवाजामागे सतत सळसळ असते. पीसीआय एक्स्प्रेसचा एक छोटा स्लॉट रिकामा आहे. एका कार्डाने हे सगळं सुटेल का, की यूएसबी डॅक (डिजिटल आवाज अॅनालॉगमध्ये बदलणारं बाहेरचं उपकरण) घ्यावा? जुनं पीसीआय साऊंड कार्डही पडून आहे, ते चालेल का?

प्रतिसाद १

जुनं कार्ड बाजूला ठेवा. पीसीआय आणि पीसीआय एक्स्प्रेस हे वेगळे स्लॉट आहेत, ते बसणारच नाही.

खरेदीचं नंतर बघू. तुम्ही दिलेले चारही त्रास वेगवेगळ्या ठिकाणचे दिसतात, आणि त्यांतले काही नवीन कार्ड लावूनही तसेच राहतील. आधी या चाचण्या करा:

१. हेडफोन पुढच्या जॅकमधून काढून मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावा. चरचर गेली तर दोष ऑडिओ चिपचा नाही, पुढच्या पॅनेलपर्यंत जाणाऱ्या केबलचा आहे. ही केबल मदरबोर्डच्या खालच्या कडेपासून ग्राफिक्स कार्डाच्या अगदी जवळून जाते आणि वाटेतला विद्युत गोंगाट उचलते.
२. स्पीकर चालू ठेवून ऑडिओ केबल फक्त संगणकाच्या बाजूने उपसा. गुणगुण थांबली तर स्पीकर निर्दोष.
३. त्याच केबलला चार्जरवर नसलेला फोन जोडा. फोनवर शांत आणि संगणकावर गुणगुण, असं असेल तर तो ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून आणि केबलमधून तयार झालेलं वर्तुळ.

प्रतिसाद २

हेडफोनच्या आवाजाचं गणित करून पाहू, अंदाज नको. २५० ओहमला १ मिलिवॉट द्यायला ०.५ व्होल्ट लागतात, म्हणजे ०.५ व्होल्टला तुमचा हेडफोन ९६ डेसिबल देतो. व्होल्टेज दुप्पट केलं की ६ डेसिबल वाढतात: १ व्होल्टला १०२, २ व्होल्टला १०८. मदरबोर्डचा आउटपुट बहुधा १ व्होल्टच्या आसपास असतो. हे आकडे शिखरांचे आहेत. चित्रपटात संवाद शिखरांपेक्षा २० डेसिबल किंवा त्याहूनही खाली असतात, म्हणून स्फोट नीट ऐकू येतो आणि बोलणं हळू वाटतं.

त्यात आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे आवाज देणाऱ्या जॅकचा स्वतःचा अंतर्गत विरोध. बऱ्याच मदरबोर्डांवर आउटपुटला ७५ ओहमचा रेझिस्टर लावलेला असतो. २५० ओहमच्या हेडफोनला त्यामुळे साधारण २.३ डेसिबलचा तोटा होतो, तो सोसण्यासारखा आहे. ३२ ओहमच्या हेडफोनवर मात्र आवाजाचा पोतच बदलतो. असा हेडफोन खर्जाच्या भागात ६४ ओहमपर्यंत चढत असेल, तर ७५ ओहमच्या उगमावर खर्ज जवळपास ३.७ डेसिबलने फुगतो. म्हणून उगमाचा इम्पिडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशापेक्षा कमी हवा; ३२ ओहमला तो ४ ओहमच्या आत.

तुमच्यासाठी निकष सरळ आहे: २५० किंवा ३०० ओहमच्या भारावर किमान २ व्होल्ट देणारा हेडफोन अँप. खोक्यावर नुसतं ‘६०० ओहमपर्यंत चालतो’ असं छापलेलं पुरेसं नाही. व्होल्टेज किंवा त्या भारावरचे मिलिवॉट दिलेले असले पाहिजेत. २५० ओहमवर १६ मिलिवॉट म्हणजेच २ व्होल्ट.

प्रतिसाद ३

चिपच्या आकड्यांवरून कार्ड निवडू नका. रिअलटेकच्या एएलसी१२२० ला १२० डेसिबल सिग्नल-टू-नॉइज (आवाज आणि गोंगाट यांतलं अंतर) नोंदवलेलं आहे, आणि १६ बिटांच्या संगीताची सैद्धांतिक मर्यादा साधारण ९६ डेसिबल आहे. म्हणजे कागदावर चिप कधीच पुरी पडली. पण तो आकडा एकट्या चिपचा. जॅकवर प्रत्यक्ष काय येतं ते बोर्डावरच्या जोडण्या, ग्राउंडची मांडणी आणि पुढचा अँप ठरवतात.

आणखी एक तपासा: आवाज अॅनालॉग होतो कुठे? एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट, ऑप्टिकल, यूएसबी हेडसेट किंवा ब्लूटूथने आवाज बाहेर जात असेल, तर रूपांतर पलीकडच्या उपकरणात होतं. तिथे नवीन साऊंड कार्डाने दर्जात काहीही फरक पडत नाही.

धागाकर्ता

चाचण्या केल्या. मागच्या जॅकवर हेडफोनची चरचर पूर्ण गेली, आवाज तेवढाच कमी आहे. केबल संगणकातून उपसली की स्पीकर शांत, फोनवरही शांत. म्हणजे स्पीकरचा प्रश्न ग्राउंड लूपचा. मग यूएसबी डॅकने तो सुटेल ना?

प्रतिसाद १

नाही, इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. यूएसबीवर चालणाऱ्या डॅकचं ग्राउंड संगणकाच्या ग्राउंडलाच जोडलेलं असतं. संगणक आणि स्पीकर दोघांचीही अर्थिंग आहे, त्यामुळे लूप जसाच्या तसा राहतो. अंतर्गत कार्डाचंही तेच. हेडफोनला स्वतःची अर्थिंग नसते, म्हणून तिथे लूप तयारच होत नाही.

क्रमाने हे करा. आधी संगणक आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा. गुणगुण उरली तर आरसीए केबलच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. हलक्या दर्जाच्या आयसोलेटरमध्ये खर्ज थोडा पातळ होतो, हे ध्यानात ठेवा. मदरबोर्डला ऑप्टिकल आउटपुट असेल तर सर्वात स्वच्छ उपाय म्हणजे ऑप्टिकल इनपुट असलेला, वेगळ्या अॅडॉप्टरवर चालणारा डॅक. प्रकाशाच्या तारेतून विद्युत जोडणी होत नाही, लूप तुटतो. फक्त त्या डॅकला यूएसबीची वीज देऊ नका, नाहीतर लूप मागच्या दाराने परत येईल.

स्पीकरच्या प्लगची अर्थ पिन काढण्याचा सल्ला कुठे वाचलात तर तो अजिबात पाळू नका. गुणगुण थांबेलही, पण आत बिघाड झाला तर स्पीकरच्या धातूच्या भागात वीज उतरू शकते.

प्रतिसाद ४

माइकबद्दल. विंडोजमध्ये माइकच्या गुणधर्मांत ‘लेव्हल्स’ उघडा आणि बूस्ट किती आहे ते बघा. +२० किंवा +३० डेसिबल असेल तर आवाजासोबत गोंगाटही तेवढाच वाढतो. बूस्ट +१० वर आणा, माइक तोंडाच्या जवळ आणा. अंतर निम्मं केलं की जवळपास ६ डेसिबल फुकट मिळतात. तरीही सळसळ राहिली तर साऊंड कार्डाऐवजी यूएसबी माइक किंवा ऑडिओ इंटरफेस (माइक जोडायचं यूएसबीवरचं बाहेरचं उपकरण) घ्या. एक्सएलआर कंडेन्सर माइक घेणार असाल तर इंटरफेसवर ४८ व्होल्टचं फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) हवंच.

प्रतिसाद ३

मग अंतर्गत कार्ड कोणाला घ्यावं? तीन अॅनालॉग केबलवाले ५.१ स्पीकर असणाऱ्याला: हिरवी पुढच्या जोडीची, काळी मागच्या, नारिंगी मधल्या स्पीकरची आणि सबवूफरची. साधा यूएसबी डॅक दोनच चॅनेल देतो. किंवा मदरबोर्डचा ऑडिओच निकामी झाला असेल तेव्हा. कार्ड घेतलंच तर ते ग्राफिक्स कार्डापासून शक्य तितक्या लांबच्या स्लॉटमध्ये बसवा. एक्स१, म्हणजे छोट्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटचं कार्ड लांब स्लॉटमध्येही चालतं. काही कार्डांना पॉवर सप्लायची वेगळी केबल लागते, ते आधी पाहा.

गेमिंगसाठी कार्ड लागतंच हा समज जुन्या काळाचा आहे. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, डायरेक्टसाउंडचं (गेमचा आवाज हाताळणाऱ्या विंडोजच्या भागाचं) हार्डवेअर अॅक्सिलरेशन, म्हणजे ते काम साऊंड कार्डावर सोपवणं, बंद झालं. आताच्या गेमचा सभोवताल ध्वनी प्रोसेसरवरच तयार होतो.

आवाज मधेच तुटणं, टकटक होणं हा त्रास पुढे कधी आला तर तोही कार्डाच्या माथी मारू नका. बहुधा दुसरा एखादा ड्रायव्हर, विशेषतः वाय-फायचा, प्रोसेसर अडवून ठेवतो. लेटन्सीमॉन हा तपासणी प्रोग्रॅम १० मिनिटं चालवला की दोषी ड्रायव्हर सापडतो.

प्रतिसाद २

तर धागाकर्त्यांनी हेडफोन अँप असलेला डॅक घ्यावा, ऑप्टिकल आणि यूएसबी दोन्ही इनपुटांचा, वेगळ्या अॅडॉप्टरवर चालणारा. स्पीकर त्याच्या लाइन आउटवर. हेडफोन आणि स्पीकर दोन्ही प्रश्न त्यातच मिटतात. मदरबोर्डला ऑप्टिकल आउटपुट असेल तर तो ऑप्टिकलने जोडा आणि यूएसबी केबल काढून ठेवा. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून यूएसबी ऑडिओ क्लास २ (यूएसबी ऑडिओ उपकरणांचं मानक) चा ड्रायव्हर सोबतच येतो, त्यामुळे पुढे यूएसबी वापरायची झाली तरी बहुतेक डॅक ड्रायव्हर न टाकता चालतात. विंडोजमध्ये २४ बिट, ४८००० हर्ट्झ निवडा आणि ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करा.

परत करण्याच्या मुदतीतच जुन्या जॅकशी तुलना करा, पण पातळी जुळवून. १ डेसिबलने मोठा आवाजही कानाला ‘जास्त स्पष्ट’ वाटतो. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादन प्रोग्रॅममध्ये १०० हर्ट्झचा सूर तयार करा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून दोन्ही आउटपुट १ टक्क्याच्या आत आणा; तो फरक साधारण ०.१ डेसिबल होतो. साधे मीटर १ किलोहर्ट्झवर चुकीचं वाचू शकतात, म्हणून १०० हर्ट्झ. मोजताना हेडफोन जोडलेलाच ठेवा, भार काढला की व्होल्टेज वर चढतं आणि तुलना बिघडते.