मोठं पान तिथे मोठं बी: पटतंय का?

रोपवाला: पंधरा वर्षं रोपं करतोय. नारळ, आंबा, बदाम: बी दांडगं, पानही दांडगं. तुळस, सब्जा: दोन्ही बारीक. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ कॉर्नर यांनी १९४९ मध्येच मांडलंय की फांदी जितकी जाड, तितकी तिला लागणारी पानं-फळं मोठी. सेशेल्स बेटांवरचा कोको द मेर हा ताडाच्या कुळातला वृक्ष घ्या. जगातलं सगळ्यात मोठं बी, आणि पान माणसाहून लांब. अजून काय पाहिजे?

सातारकर: तंबाखू पाहिजे! पान सुपाएवढं आणि एक ग्रॅम बियाण्यात दहा हजारांवर दाणे. पेरताना राखेत नाहीतर वाळूत मिसळावं लागतं, नाहीतर हाताला चिकटूनच संपतं. वडाचंही तेच, पान तळहाताएवढं अन् बी खसखशीएवढं. तुमच्या नर्सरीत वड नाही का?

रोपवाला: आहे की. पण अपवाद कुठे नसतात?

सातारकर: तंबाखू, वड, उंबर, पिंपळ. अपवादांचीच बाग झाली ही.

पानगळ: दोघंही अर्धं बरोबर. जाड फांदी मोठं पान पेलते, मोठं फळही पेलू शकते, पण मोठंच फळ धरावं अशी तिच्यावर सक्ती नाही. उलट काडीएवढ्या फांदीला जड फळ झेपत नाही, आणि मोठं बी म्हणजे जड फळ आलंच. म्हणून मोठ्या पानाच्या झाडाचं बी लहान-मोठं कसंही असतं, बारीक पानाच्या झाडाला मोठं बी मात्र क्वचित. संशोधक कॉर्नेलिसेन यांच्या १९९९ च्या शोधनिबंधात वृक्ष-झुडपांच्या पान-बी आकाराचा आलेख असाच त्रिकोणी आलाय, बारीक पान-मोठं बी हा कोपरा रिकामा.

सातारकर: मग चिंच? पान नखाएवढं, चिंचोका त्याच्याएवढाच. आणि कोकणातली गारंबीची वेल? बी मुठीत जेमतेम मावतं.

पानगळ: नखाएवढी ती पर्णिका हो, म्हणजे पानाचा एक तुकडा, अख्खं पान नव्हे! देठासकट अख्खी डहाळी वाटते ना, ते एक पान. झडतं तेव्हा दांडाही गळतो, अंगण झाडणाऱ्याला विचारा. गारंबीचंही तसंच, पर्णिकांची पिसं.

रोपवाला: बघा, म्हणजे माझंच खरं!

सातारकर: थांबा. फणस फांदीच्या टोकाला लागतो का? खोडाला लागतो. मग पानं धरणाऱ्या काडीच्या, म्हणजे बारीक फांदीच्या, जाडीशी त्याचा संबंध काय?

पानगळ: हा मुद्दा मात्र बिनतोड. तिथे काडीचा हिशोब लागू नाही.

रोपवाला: फणसाचं पान तसं लहानच, हेही आत्ताच लक्षात आलं. उद्या चिंचेचं अख्खं पान मोजून टाकतो इथे.