कॉम्प्युटरवर काहीही लावलं की आवाजात तडतड होते. मदरबोर्ड बदलावा का?

पंचवटीकर

नमस्कार. वडिलांच्या कीर्तनाच्या ११ कॅसेटी दिवाळीपासून एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवते आहे. वडील आता नाहीत, आणि टेपचा काही भरवसा राहिलेला नाही. म्हणून घाई आहे.

अडचण अशी की फाइल लावली की मधेच तडतड होते. आधी वाटलं कॅसेटच खराब आहे. पण यूट्यूबवर अभंग लावला तरी तेच, सिनेमा लावला तरी तेच. कधी दहा मिनिटं काही नाही, कधी मिनिटात चारदा. त्याखाली बारीक घूंऽऽ असा आवाज कायमचा आहे.

डेस्कटॉप, विंडोज १०. स्पीकर मागच्या हिरव्या जॅकला लावलेत. घर जुना वाडा आहे, राउटर पुढच्या खोलीत, म्हणून यूएसबीचा छोटा वाय-फाय डोंगल लावलाय. दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटं ऐकून मदरबोर्ड बदला म्हणून सांगितलं. खरंच तेवढं करावं लागेल का? कोणाला अनुभव असेल तर सांगा.

सातपूर_सेकंडशिफ्ट

ताई, मदरबोर्डला इतक्यात हात लावू देऊ नका. एक वही घ्या. तडतड झाली की फाइलचा मिनिट-सेकंद लिहा, दहा सेकंद मागे जा आणि परत ऐका. त्याच जागी परत आली तर ती फाइलमध्ये आहे. आली नाही, तर फाइल चांगली आहे आणि वाजवताना काहीतरी बिघडतंय. हे दोन रोग वेगळे, औषधंही वेगळी.

दुसरं, तीच फाइल मोबाइलवर घ्या आणि मोबाइल त्याच स्पीकरना जोडून ऐका. मोबाइल त्या वेळी चार्जिंगला नको.

सिडको_नवीन

सगळे ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरचा एकेक भाग चालवणारे छोटे प्रोग्राम, एकदम अपडेट करणारं सॉफ्टवेअर मिळतं, ते टाकून बघा. माझा प्रॉब्लेम त्याने गेला होता.

सातपूर_सेकंडशिफ्ट

कृपया नको. एकाच वेळी वीस गोष्टी बदलल्या तर कशाने बरं झालं ते कळत नाही, आणि बिघडलं तर कशाने बिघडलं तेही नाही. शिवाय असल्या सॉफ्टवेअरसोबत नको ते प्रोग्रामही येतात. ड्रायव्हर घ्यायचा तर मदरबोर्ड किंवा डोंगल बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्यावा.

पंचवटीकर

काल रात्री दीड तास वही घेऊन बसले. एकूण २३ वेळा तडतड. त्यातल्या १४ परत ऐकताना आल्या नाहीत. ९ मात्र दर वेळी त्याच जागी, आणि त्या सगळ्या झांजा जोरात वाजतात तिथे किंवा वडील वरच्या पट्टीत जातात तिथे. मोबाइलवरही त्या ९ तशाच ऐकू आल्या, बाकी आवाज स्वच्छ. घूं मोबाइलवर अजिबात नव्हती.

म्हणजे माझ्याकडे एक नाही, तीन दुखणी आहेत असं दिसतंय.

गंगापूर_रोड_ऑडिओ

वही फार छान ठेवलीत. परत न येणाऱ्या १४ बद्दल मी सांगतो.

आवाजाच्या फाइलमध्ये सेकंदाला साधारण ४४,१०० किंवा ४८,००० नमुने असतात. विंडोज ते साउंड चिपकडे छोट्या घासांत पाठवतं, एक घास साधारण १० मिलिसेकंदांचा. लग्नाची पंगत डोळ्यासमोर आणा. वाढपी फिरतोय, पण मुदपाकखान्यातून परात यायला क्षणभर उशीर झाला की एक पान रिकामं जातं. आवाजातलं ते रिकामं पान म्हणजे तुमची तडतड. बहुतेक वेळा उशीर साउंड कार्डाचा नसतोच. दुसराच एखादा ड्रायव्हर, म्हणजे वाय-फायचा, ग्राफिक्सचा किंवा डिस्कचा, प्रोसेसर अडवून बसतो. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १५ टक्केच दिसेल, तरी हे घडतं, कारण अडवणूक फार थोड्या वेळाची असते. सगळेच प्रोग्राम तडतडतात हेही त्यातच बसतं.

लेटन्सीमॉन नावाचा फुकट प्रोग्राम आहे. तो चालू करून दहा-पंधरा मिनिटं कीर्तन लावून ठेवा, मग ड्रायव्हर्सच्या यादीत सगळ्यात जास्त वेळ कोण घेतंय ते बघा. एनडीआयएस.सिस वर आलं तर नेटवर्क, एनव्हीएलडीडीएमकेएम.सिस आलं तर एनव्हिडियाचं ग्राफिक्स, स्टोरपोर्ट.सिस आलं तर डिस्क.

तुमचा डोंगल वाचून मला त्याचाच संशय येतोय. तो काढा आणि अर्धा तास नुसती फाइल ऐका. याहून सोपी परीक्षा नाही.

जाता जाता: साउंडच्या सेटिंगमध्ये एन्हान्समेंट्स बंद करा. व्हीएलसी प्लेयरमध्ये आवाज १०० टक्क्यांच्या वर नेऊ नका, तिथे चांगली फाइलसुद्धा फाटते.

अंबड_वायरमन

घूं बद्दल. मोबाइल जोडल्यावर ती गेली, म्हणजे स्पीकर बरे आहेत. आपली वीज ५० हर्ट्झची. अर्थिंग बरोबर नसलं किंवा दोन उपकरणांचं अर्थिंग दोन वाटांनी गेलं की ती गुणगुण ऑडिओच्या वायरीत शिरते. जुन्या वाड्यांत मी हे नेहमी बघतो. बोर्डवर तीन भोकं असतात, पण आत वायरी दोनच.

कॉम्प्युटर आणि स्पीकर एकाच बोर्डवर लावा. कॉम्प्युटरची तीन पिनांची पिन दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये घातली असेल तर ते आज काढा. मग इलेक्ट्रिशियनला मीटर लावायला सांगा: फेज आणि अर्थिंगमध्ये जवळपास २३० व्होल्ट दिसले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीनच्या आत. हे तुम्ही स्वतः करू नका.

कोणी म्हणेल, अर्थिंगची पिन तोडा, घूं जाईल. जाईलही. पण उद्या कॅबिनेटच्या पत्र्यात करंट उतरला तर तो वाट काढणार तुमच्या हातातून. ते कधीही करायचं नाही.

पंचवटीकर

डोंगल काढला आणि पाऊण तास ऐकलं. एकही तडतड नाही! परत लावला, सातव्या मिनिटाला सुरू. लेटन्सीमॉनमध्येही एनडीआयएस.सिसच वर होतं. कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर टाकला तेव्हा कमी झाली, पण गेली नाही. शेवटी पुढच्या खोलीतून १५ मीटर लॅन केबल ओढून घेतली आणि डोंगल कायमचा काढला. चार दिवस झाले, शांत आहे.

अर्थिंगचंही तुम्ही म्हणालात तेच निघालं. त्या बोर्डला अर्थिंगची वायरच नव्हती. इलेक्ट्रिशियनने मेन बोर्डापासून नवी ओढली. घूं गेली. इतकी वर्षं आम्ही तसेच राहत होतो हे ऐकून आईला धक्काच बसला.

उरल्या त्या ९ जागा. त्या फाइलमध्येच आहेत, म्हणजे वडिलांचा तेवढा आवाज गेलाच का?

गंगापूर_रोड_ऑडिओ

घाईने तसं समजू नका. टेप रेकॉर्डर कॉम्प्युटरच्या कुठल्या जॅकला लावला होता?

पंचवटीकर

गुलाबी.

गंगापूर_रोड_ऑडिओ

मग बहुधा टेपवर आवाज शाबूत आहे. गुलाबी जॅक माइकचा. माइकचा सिग्नल खूप दुबळा असतो म्हणून तो जॅक त्याला कितीतरी पटीने वाढवतो. टेप रेकॉर्डरचा सिग्नल मुळातच दमदार, त्यामुळे झांज वाजली की लाटेचा माथाच कापला जातो. कापलेला माथा नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट परत येत नाही, पण टेपवरून पुन्हा उतरवता येतो.

निळ्या जॅकला, म्हणजे लाइन-इनला लावा. हेडफोनच्या भोकातून घेत असाल तर टेपचा आवाज निम्म्यावर ठेवा. ऑडॅसिटीत, म्हणजे आवाज रेकॉर्ड करायच्या प्रोग्राममध्ये, सगळ्यात जोरकस झांजेची जागा आधी वाजवून बघा, काटा उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. हळू आवाज नंतर वाढवता येतो. त्याआधी टेप रेकॉर्डरचा हेड, म्हणजे टेप ज्याला घासून जाते तो भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. काडीवर तपकिरी डाग आला तर तो टेपचाच थर आहे, डाग येणं थांबेपर्यंत पुसत राहा.

पंचवटीकर

आज चौथ्या कॅसेटची ‘अ’ बाजू निळ्या जॅकमधून उतरवली. तीन काड्या तपकिरी झाल्या, चौथी स्वच्छ निघाली. आधी जिथे आवाज फाटत होता तिथे आता झांज वेगळी ऐकू येते, आणि झांजेमागे कोणीतरी बाई खोकतेय तीसुद्धा. आई म्हणते ती आत्या आहे.

सगळ्या ११ कॅसेटी पहिल्यापासून पुन्हा उतरवणार आहे. तुम्हा तिघांचे मनापासून आभार.