ऊसतोड बायकांच्या गरोदरपणावर काम करू लागलेय, मार्गदर्शक कुठं शोधू?

धारूरची_लेक: नमस्कार, मी एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करू लागलेय, प्रबंधाचा विषय म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर बायकांची तपासणी नेमकी कुठं तुटते. गाईड मॅडम चांगल्या आहेत पण त्यांच्याकडं विद्यार्थी लई, महिना-दीड महिन्याला एकदा भेट होते अन् हा ऊसतोडीचा पट्टा त्यांनी पाहिलेला नाही. दिवाळी झाली की गावं रिकामी, माझ्या यादीतल्या निम्म्या बायका कारखान्यावर गेल्या. दुसरं कुणी शोधलं तर मॅडमना वाईट वाटेल का?

केज_पीएचसी: ताई, मॅडमना आधी सांगूनच शोधा, लपवून नको. अंबाजोगाईला स्वारातीच्या (स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय) पीएसएम म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्र विभागात जाऊन भेटा, सोबत एक पान अन् एकच प्रश्न न्या, अख्खा प्रबंध धाडला तर कुणी वाचत नाही. पण पट्ट्यातल्या खऱ्या सीनिअर म्हणजे उपकेंद्राच्या सिस्टर अन् आशाताई. बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ अन् ४२ व्या दिवशी आशाताईंनी घरी जायचंच असतं, बाई गावी नसली की ती भेट कोऱ्या रकान्यात दिसते, तुमचा विषय तिथंच आहे. मजुरांची टोळी कुठं गेली हे ती नेणाऱ्या मुकादमाला माहीत असतं, पत्ता त्याच्याकडून घ्या पण संमती त्याच्यासमोर घेऊ नका, उचल म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे त्याच्याकडून घेतलेले असतात, बाई नाही कशी म्हणेल?

परभणी_गंगाखेड: सीनिअरसोबत बरोबरीचं कुणीतरी पाहिजेच. आम्ही तिघी दर गुरुवारी फोनवर एकमेकींचे प्रश्नांचे फॉर्म वाचतो. माझा प्रश्न होता "तपासणी झाली का", सगळ्या हो म्हणायच्या. मैत्रिणीनं तोडून दिला, दंडाला पट्टा बांधला का, रक्त काढलं का, पोटाला हात लावून पाहिलं का, अन् उत्तरंच बदलली. माझ्या यादीतलं एक बाळ गेलं तेव्हा आठ दिवस मला फॉर्म उघडवेना, ते मी माझ्या गाईड सरांना नाही सांगू शकले, ह्या दोघींनाच सांगितलं.

आष्टीकर: जामखेड जवळच आहे, जमलं तर जाऊन या. आरोळे दांपत्यानं १९७० पासून तिथं गावातल्या बायकांनाच आरोग्याचं काम शिकवलं. त्या बायका कशा विचारतात ते नुसतं बसून ऐका.

धारूरची_लेक: मॅडमना आत्ताच फोन केला, त्या म्हणाल्या स्वारातीला जा, मी पत्र देते. मुकादमाचं मला सुचलंच नव्हतं, चार संमत्या त्याच्यासमोरच घेतल्यात, त्या आता नव्यानं, तो नसताना घेते. गंगाखेडच्या ताई, गुरुवारी किती वाजता बोलता? चौथी चालेल का?

परभणी_गंगाखेड: रात्री नऊला. फॉर्म आदल्या दिवशी पाठव.