मदत हवी आहे: आजोबांची मेडल्स हरवलीत, २६ जानेवारीच्या आत कुठे मिळतील?

पक्या_कोपरखैरणे: अर्जंट आहे. सोसायटीत २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर आजोबांचा सत्कार ठेवलाय, ७१ च्या लढाईत होते ते. बॅनर छापून आला, शाल-श्रीफळ आलं आणि आता आजोबा म्हणतात छातीवर मेडल नसेल तर मी खाली उतरणारच नाही. मेडल्सचा डबा घर बदलताना गेला, सामान हलवणारे हात वर करतायत. ठाणे, वाशी, कुठेही चालेल, पैशाचा प्रश्न नाही. 'गुगल कर' सांगणाऱ्यांनी कृपया त्रास घेऊ नये.

घोडबंदर_त्रस्त: कुठली मेडल्स? किती होती? एखादा फोटो?

पक्या_कोपरखैरणे: मिलिटरीची मेडल्स, रंगीत पट्टीवाली. फोटो आहे मामाच्या लग्नातला पण छातीवर नेमका हार आलाय.

सुभेदार_निवृत्त: रेजिमेंट कोणती? नंबर, रँक, भरतीचं साल? रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करावा लागतो. मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव, तोफखाना असेल तर नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्स असेल तर खडकी. आधी पोलीस स्टेशनला हरवल्याची नोंद करा. डिस्चार्ज बुक शोधा, त्यात मेडल्सची नोंद असते.

मनीषा_ऐरोली: बेळगावला कशाला पाठवताय पोराला, ठाण्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे ना, माझ्या बाबांची सगळी कामं तिथूनच झाली. आणि हो, मालमत्ता कर माफीचा अर्ज केलात का? माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना राहत्या घराच्या करात माफी आहे, बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाची योजना, २०२० पासून. बऱ्याच जणांना माहीतच नसतं, उगाच भरत बसतात.

पक्या_कोपरखैरणे: ताई टॅक्सचं नाही विचारलं. मेडल.

मनीषा_ऐरोली: अरे पण आजोबांचे पैसे वाचतील की!

भाव_काय: ऑनलाइन सेट मिळतो, शाळेच्या फॅन्सी ड्रेससाठी घेतात तो. स्टेजवर लांबून कोणाला कळतंय.

सुभेदार_निवृत्त: आजोबांना कळतंय. खऱ्या मेडलच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं.

भाव_काय: काका, फौजी लोकपण मूळ मेडल कपाटात ठेवून नक्कल घालतात, मी स्वतः बघितलंय.

सुभेदार_निवृत्त: घालतात, पण जी मिळालीत तीच, मिलिटरी टेलरकडून नीट बसवून घेतलेली. फॅन्सी ड्रेसवाल्याकडची खेळणी नाही. म्हणून तर मघापासून विचारतोय कोणती होती. ७१ ला पश्चिम आघाडीवर असतील तर पश्चिमी स्टार, पूर्वेला असतील तर पूर्वी स्टार, शिवाय संग्राम मेडल, आणि १९७२ चं स्वातंत्र्याच्या पंचविशीचं.

लिफ्ट_बंद_आहे: कोणाला राग येईल पण बोलतो. आमच्या बिल्डिंगमध्ये एक कारगिलवाले काका आहेत, दर २६ जानेवारीला शाल घालतात त्यांना आणि गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी लिफ्टजवळचं पार्किंग मागितलं तर कमिटी म्हणते नियम सगळ्यांना सारखे. घरात सतरा शाली पडून असतील त्यांच्या.

भाव_काय: इथे पण पार्किंग आलंच का.

लिफ्ट_बंद_आहे: येणारच. ठाण्यात राहतो.

पक्या_कोपरखैरणे: आईला विचारलं. रेजिमेंट वगैरे नव्हती, जहाजावर होते. विक्रांत. बॉयलर रूमला.

घोडबंदर_त्रस्त: अरे मग नेव्ही म्हण की बाबा!! सुभेदारसाहेब बिचारे नाशिक-बेळगाव फिरवून आले.

पक्या_कोपरखैरणे: नेव्ही मिलिटरीतच येते ना, वेगळं काय सांगायचं त्यात.

घोडबंदर_त्रस्त: असो. म्हणजे पश्चिमी स्टार, मुंबईचं जहाज, कराचीवर हल्ला केला होता.

खारं_पाणी: कराचीवर गेल्या त्या मिसाइल बोटी, निपात, निर्घात आणि वीर, ४ डिसेंबरच्या रात्री, म्हणून तर त्या दिवशी नेव्ही डे असतो. विक्रांत बंगालच्या उपसागरात होती, तिची विमानं चितगाव आणि कॉक्स बझारवर जात होती. म्हणजे पूर्वी स्टार. आणि तेव्हा जहाजाच्या बॉयलरला तडा गेलेला होता, पूर्ण वाफ देता येत नव्हती, तशीच नेली लढाईत. बॉयलर रूमला होते म्हणजे तुझ्या आजोबांनी काय काढलं असेल विचार त्यांना.

नाविकांचं रेकॉर्ड कुठे असतं माहितीये? मानखुर्द, चीता कॅम्प, ब्युरो ऑफ सेलर्स. वाशीच्या पुढचं स्टेशन!

मनीषा_ऐरोली: सैनिक कल्याण कार्यालयात नेव्हीवाल्यांचीपण कामं होतात हां.

घोडबंदर_त्रस्त: विक्रांत २०१४ ला भंगारात तोडली त्याचं वाईट वाटतं. एवढी वर्षं म्युझियम होतं, शाळेतून नेलेलं आम्हाला.

भाव_काय: त्या लोखंडातून बजाजने बाइक काढली होती, व्ही १५. मित्राकडे आहे. अॅव्हरेज बरं देते.

खारं_पाणी: पक्या, सरकारी मेडल २६ च्या आत हातात पडणार नाही, ती आशा सोड. अर्ज तरी टाकून ठेव. तोपर्यंत कुलाब्याला नेव्हीच्या युनिफॉर्मचं काम करणारे टेलर आहेत, त्यांना डिस्चार्जचा कागद दाखव, त्यात असतील तेवढीच बसवून घे, एक जास्त नाही. डाव्या छातीवर. आणि सर्व्हिस नंबर लागेल सगळीकडे.

पक्या_कोपरखैरणे: नंबर त्यांनी जेवता जेवता एका दमात सांगितला, कागद बघावाच लागला नाही. पुढे अर्धा तास बॉयलरची गोष्ट. टेलरचं सांगितलं तर म्हणाले कागद घेऊन मी स्वतः येतो, तुला कळणार नाही. उद्या सुट्टी टाकलीये, कुलाबा आणि येताना मानखुर्द. कोणी मानखुर्दला आत गेलंय का, गेटवर काय विचारतात?

सुभेदार_निवृत्त: आजोबांचं माजी सैनिक ओळखपत्र घ्या, तुमचं आधार घ्या. आणि त्यांनाच पुढे बोलू द्या.

नवीन_सभासद_कळवा: माझे काका बीएसएफमध्ये होते त्यांचं पण मेडल हरवलंय, मानखुर्दलाच जायचं का?

खारं_पाणी: नाही हो! वेगळा धागा काढा.