मदत हवी आहे: ९ वर्षांच्या लॅब्रेडॉर कुत्र्याची नसबंदी आता करावी का?

आमचा लॅब्रेडॉर, वय ९, वजन ३४ किलो, नसबंदी झालेली नाही. दोनेक महिने शी करताना फार कुंथतो, शी रिबिनीसारखी चपटी येते. मध्ये तर लघवीच्या जागेतून फरशीवर रक्ताचे थेंब पडले, जीव घाबरला. सोनोग्राफीत प्रोस्टेट (नरांमधली मूत्राशयाजवळची ग्रंथी) सगळीकडून सारखं वाढलेलं दिसलं, लघवीत इन्फेक्शन नाही. ६ आठवडे फिनास्टेराइड हे प्रोस्टेट आकसवणारं औषध दिलं. रक्त थांबलं, पण कुंथणं थांबलं नाही. नसबंदीने प्रोस्टेट आकसतं, पण कॅन्सरपासून संरक्षण मिळत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते पटलं. धास्ती आहे ती भुलीची. रक्ताचे रिपोर्ट चांगले आहेत. आम्ही कोथरूडला राहतो, पुण्यात कुठेही नेऊ शकतो. एवढ्या वयात कुणी नसबंदी केली असेल तर कुंथणं किती दिवसांत थांबलं, आणि भुलीआधी हृदयाचा इको करून घेतलात का?