कामाची व्याप्ती, आवाका की हद्द?

प्रश्न: सोलापुरात आमचं जीआयएसचं, म्हणजे संगणकावर नकाशे बनवण्याचं, छोटं ऑफिस आहे. प्रस्ताव मराठीत द्यायचा म्हटलं की 'स्कोप' या शब्दापाशी गाडी अडते. कुणी 'व्याप्ती' लिहितं, कुणी 'आवाका', आमचे ज्येष्ठ सर्व्हेअर 'हद्द' म्हणतात. कोणता घ्यावा?

उत्तर: दादा, 'व्याप्ती'च घ्या. निविदांमध्ये 'कामाची व्याप्ती' रुळलेली आहे, वाचणाऱ्याला थांबावं लागत नाही. 'आवाका' करणाऱ्याचा असतो. अमुक काम आपल्या आवाक्यात आहे, असं आपण म्हणतो. करारात मोजायचं असतं काम, तुमची कुवत नव्हे.

'हद्द' मात्र नकाशाच्या कामात या अर्थाने अजिबात नको. तिथे हद्द म्हणजे गावाची, प्रभागाची, गटाची रेघ. तुम्ही 'हद्दीबाहेरचं काम' लिहाल करारात नसलेलं या अर्थाने, आणि ग्राहक वाचेल गावाच्या शिवेपलीकडचं.

खरी हद्द लिहायची तिथे ती ठसठशीत लिहा. सोलापूरची हद्दवाढ १९९२ ची, पण 'हद्दवाढ भाग' हा शब्द अजून रोजच्या बोलण्यात आहे. ग्राहक 'पूर्ण शहराचा नकाशा' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात जुन्या शहरातलं नवी पेठ, सात रस्ता असतं की हद्दवाढीत आलेलं बाळे, शेळगी, सोरेगावही? महापालिकेचं क्षेत्र आज सुमारे १७८ चौरस किलोमीटर आहे. ड्रोन किती दिवस उडणार, ते याच उत्तरावर ठरतं.

प्रश्न: आभारी आहे, ताई. ग्राहकाच्या पत्रातलाच मजकूर व्याप्ती म्हणून उतरवला तर चालेल का? आत्ताच आलेलं एक पत्र: 'सर्व पाणीपुरवठा वाहिन्या, व्हॉल्व्ह इत्यादींचे अचूक व अद्ययावत नकाशे तयार करणे व अनुषंगिक कामे.'

उत्तर: नका उतरवू. ती मागणी आहे. मागणीतल्या प्रत्येक सैल शब्दाला प्रश्न विचारून जे उरतं ती व्याप्ती.

या पत्रात 'अचूक' सर्वात महाग शब्द आहे. १:१०,००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर दहा मीटर. १:५०० वर तोच मिलिमीटर अर्धा मीटर. रस्ता कुठे खोदायचा हे नकाशा बघून ठरणार असेल तर पहिला निरुपयोगी, आणि वॉर्डातलं जाळं भिंतीवर लावून बघायचं असेल तर दुसऱ्यावर पैसा वाया. म्हणून आधी विचारा, नकाशा हातात आल्यावर पहिलं काम काय करणार?

'अद्ययावत' म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत, ते लिहा. 'इत्यादी' खोडा आणि वस्तूंची नावं घाला. मी असं लिहीन: 'मुख्य व वितरण वाहिन्या, व्हॉल्व्ह आणि जलकुंभ. प्रत्येक वाहिनीचा व्यास व साहित्य ग्राहकाच्या नोंदींवरून. वाहिनीची खोली मोजणे आणि घरगुती नळजोडण्या नोंदवणे या कामाच्या व्याप्तीत नाही.' हे शेवटचं वाक्य लिहायला संकोच वाटतो, कारण ग्राहकाला नाही म्हटल्यासारखं होतं. तरी लिहाच. नळजोडण्यांसाठी माणूस दारोदार पाठवावा लागतो, ते वेगळंच काम आहे.

'अनुषंगिक कामे' मी कधीच ठेवत नाही. शेपफाइल (नकाशाची संगणकीय फाइल) दिल्यावर मोबाइल ॲप, मग कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, सगळं त्या दोन शब्दांत मावतं.

आणखी एक उत्तर: ताईंशी सहमत. एक भर घालतो. मध्येच नवी मागणी आली की आमच्याकडे बांधकाम खात्याचा 'वाढीव काम' हा शब्द वापरतात. ठेकेदारापासून लेखापालापर्यंत सगळ्यांना तो कळतो, आणि वाढीव म्हटलं की दर आणि मुदत वेगळी, हे समजावत बसावं लागत नाही. 'व्याप्तीत बदल' लिहिलं तर लोक समजतात की आहे त्याच पैशात फेरफार होणार आहे.